चेहरा, नोंद आणि नाव : ‘द वूमन इन व्हाइट’च्या निमित्ताने

रहस्यप्रधान कादंबरीला गंभीर समीक्षेच्या वर्तुळाबाहेर ठेवण्याची आपल्याकडील सवय जुनी आहे. त्यातही रहस्य जर दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांवर उभारलेले असेल, तर ‘योगायोगाचा आश्रय’ एवढा शेरा मारून विषय संपवला जातो. विल्की कॉलिन्सच्या ‘द वूमन इन व्हाइट’ या कादंबरीबाबत (डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून ती १८५९-६० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली) हा शेरा मला सर्वस्वी अपुरा वाटतो.

कथानक अनेकांच्या परिचयाचे आहे. लॉरा फेअरली ही श्रीमंत वारस आणि अ‍ॅन कॅथरिक ही वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेली निराधार स्त्री यांच्यात विलक्षण साम्य आहे. अ‍ॅन हृदयविकाराने मरण पावते, तेव्हा लॉराचा पती सर पर्सिव्हल ग्लाइड आणि त्याचा साथीदार काउंट फॉस्को तिचे लॉराच्या नावाने दफन करवतात व जिवंत लॉराला अ‍ॅनच्या नावाने इस्पितळात कोंडतात. लॉराच्या मृत्यूनंतर पतीला मिळावयाचे २०,००० पौंड हे त्यामागील कारण.

येथे साम्याचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. दोघी एकाच पित्याच्या कन्या असल्याचे पुढे उलगडते, हा झाला रहस्यकथेचा हिशेब. परंतु चित्रकलाशिक्षक वॉल्टर हार्टराइट याला आरंभीच जाणवते की हे साम्य अपुरे आहे. लॉराच्या वाट्याला दुःख आले तरच ते पुरे होईल. इस्पितळातील कोंडवासानंतर ते खरोखरच पुरे होते. म्हणजे साम्य हे कटाचे साधन जितके, तितकेच त्याचे फलितही आहे. विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन मानणाऱ्या इंग्लंडमधली ही कथा आहे. तिच्या मालमत्तेविषयीचे कायदे १८७० व १८८२ साली आले. नाव आधीच अर्धे गेलेल्या स्त्रीचे उरलेले नाव काढून घेणे फारसे अवघड नसते, हे कॉलिन्सने ओळखले होते.

शिवाय या कादंबरीत चेहऱ्यापेक्षा कागदाला अधिक मान आहे. लॉरा समोर उभी असताना तिचा चुलता तिला ओळखत नाही. तिची सुटका होते ती तारखांच्या विसंगतीतून : ‘मृत्यू’ २५ जुलैचा आणि लंडनचा प्रवास २६ जुलैचा. स्वतः पर्सिव्हलची सरदारकीही चर्चच्या विवाहनोंदवहीत घुसडलेल्या एका खोट्या नोंदीवर उभी आहे. (गंमत अशी की, पहिल्या आवृत्तीतील तारखांचा मेळ बसत नसल्याचे ‘द टाइम्स’च्या परीक्षणकाराने दाखवून दिले आणि कॉलिन्सला १८६१च्या आवृत्तीत त्या दुरुस्त कराव्या लागल्या.) अनेक निवेदकांच्या साक्षींतून कथा सांगण्याचा रूपबंधही न्यायालयीन आहे, ‘मी कोण’ याचे उत्तर स्वतःला देता येत नाही, ते इतरांच्या जबानीवर सोपवावे लागते.

मराठी वाचकाला या ठिकाणी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे स्मरण व्हावे. पानिपतानंतर (१७६१) भाऊ जिवंत असल्याचा दावा करणाऱ्या या इसमाला १७७६ मध्ये देहान्त शासन झाले, न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ (१९१३) हे नाटक याच प्रकरणावरचे. तेथे लोकांच्या आशेने खोट्याला खरे केले. कॉलिन्सकडे लोकांच्या सोयीने खरी व्यक्ती खोटी ठरते. दोहोंचा तौलनिक अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला आहे, आणि तोतयाला केवळ ऐतिहासिक कुतूहल मानण्यापेक्षा तो खचितच अधिक फलदायी ठरेल.

कॉलिन्सची मर्यादाही सांगितली पाहिजे. जिच्यावरून कादंबरीला नाव मिळाले, त्या अ‍ॅनविषयी लेखकाची आस्था लॉराइतकी टिकत नाही. तिचा मृत्यू कटाच्या सोयीचा ठरतो आणि लेखकाच्याही. सारा वॉटर्सच्या ‘फिंगरस्मिथ’ने (२००२) व्हिक्टोरियन काळातच कथा घडवून अदलाबदलीच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा आवाज दिला, तो बहुधा या उणिवेची जाणीव ठेवूनच. कॉलिन्सच्या शेवटाकडे मात्र थडग्यावरील लॉराचे नाव गावकऱ्यांसमक्ष खरवडून काढले जाते, लॉरा घरी परतते, आणि त्या दगडावर अ‍ॅनचे नाव व मृत्यूची तारीख कोरली जाते. तिच्यासाठी जमाव जमवण्याची गरज कोणालाही वाटत नाही.