जोईची खोली

मंडळी, मागचा लेख वाचून एका भाचीने प्रश्न पाठवला आहे. "मामा, 'फ्रेंड्स' मी चार वेळा अथपासून इतिपर्यंत पाहिली. जेवताना आजही लावते. पण 'जोई' मला तीन भागांच्या पुढे पाहवली नाही. माणूस तोच, चेहरा तोच, आवाज तोच. मग बिनसलं कुठे?"

प्रश्न वाटतो तेवढा फुटकळ नाही, म्हणून यावेळचा सगळा लेख त्यावरच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. गाजलेल्या मालिकेतलं एखादं पात्र उचलायचं आणि त्याच्याभोवती नवी मालिका उभी करायची, याला स्पिन-ऑफ म्हणतात. एखाद्या जुन्या झाडाची फांदी कापून दुसऱ्या कुंडीत लावावी तसं. फांदी कधी धरते, कधी आठ दिवसांत माना टाकते.

'फ्रेंड्स' अमेरिकेत 1994 ते 2004 अशी दहा वर्षं चालली, 236 भाग झाले. 6 मे 2004 रोजी शेवटचा भाग लागला, तेव्हा तिथले सुमारे सव्वापाच कोटी लोक टीव्हीसमोर बसले होते. त्यानंतर आठवड्याभरातच 'फ्रेझियर' ही दुसरी लाडकी मालिकाही संपली. दोन्ही एकाच वाहिनीच्या, एनबीसीच्या. म्हणजे घरातले दोन कमावते मुलगे एकदमच बाहेर पडल्यासारखं झालं. वाहिनीने घाईने जोईला पुढे केलं. सप्टेंबर 2004 मध्ये 'जोई' सुरू झाली, तीही 'फ्रेंड्स'च्याच वारी आणि 'फ्रेंड्स'च्याच वेळेला. पहिला भाग पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यातले अर्धा कोटीही उरले नाहीत. एकूण 46 भाग तयार झाले होते. त्यातले शेवटचे आठ अमेरिकेत तेव्हा दाखवलेच नाहीत. मालिका मध्येच बंद पडली.

लोक चटकन म्हणतात की लेखन भिकार होतं. मला हे पुरेसं वाटत नाही. लिहिणाऱ्यांतले प्रमुख दोघे 'फ्रेंड्स'च्याच लेखकांपैकी होते. मॅट लब्लांकला जोई काय आहे हे दहा वर्षांनंतर नव्याने शिकायचं नव्हतं. सोबतीला जेनिफर कूलिजसारखी हुकमी हसवणारी नटी होती. सामान सगळं चांगलं होतं. भाजी तरी बेचव झाली.

आता 'फ्रेंड्स'मधला तो ट्रायफलचा प्रसंग आठवा. रेचेल थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी गोड पदार्थ करायला घेते. पुस्तकाची दोन पानं चिकटलेली असतात, त्यामुळे बिस्किटं, जॅम आणि कस्टर्डच्या थरांत ती मांसाच्या पाककृतीतला खिमा आणि वाटाणेही रचते. तिला वाईट वाटू नये म्हणून सगळे तोंड वेडंवाकडं करत ते गिळतात, नाहीतर कुठेतरी लपवतात. जोई मात्र चवीने खातो आणि त्याला ते आवडतं!

या प्रसंगात आपण नेमकं कशाला हसतो? जोईच्या खादाडपणाला? तेवढ्याला नाही. एका टोकाला रॉसचा कसानुसा झालेला चेहरा असतो, मध्ये चँडलर आणि मोनिकाची धडपड असते, रेचेलला पत्ताच नसतो, आणि दुसऱ्या टोकाला ताट चाटूनपुसून खाणारा जोई. त्या दोन टोकांमध्ये जे ताणलेलं असतं, त्यात विनोद आहे. आता बाकीच्यांना टेबलावरून उठवा. उरतो एक माणूस, एकटाच बसून विचित्र काहीतरी खाणारा. ते पाहून हसू येईलच असं नाही. कदाचित थोडं वाईटच वाटेल.

जोईचं भोळेपण उठून दिसायचं ते चँडलरच्या तिरकसपणाशेजारी. त्याचा आगाऊपणा चालून जायचा, कारण त्याला झापणारी मोनिका होती आणि त्याच्याहून वेगळ्याच दुनियेत राहणारी फीबी होती. नव्या मालिकेत तो लॉस एंजेलिसला जातो. तिथे त्याची बहीण जीना आहे आणि इंजिनिअरिंग शिकणारा अतिहुशार भाचा मायकल आहे. मायलेकांच्या भांडणात समजूतदारपणे मध्ये पडायचं काम आलं जोईच्या वाट्याला! ज्याला सगळ्यांनी सांभाळायचं, तोच आता सांभाळणारा झाला. नाव जोई राहिलं, पण जोईपणाला जागाच उरली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. 'फ्रेंड्स'च्या शेवटी प्रत्येकाची काही ना काही सोय लागते. मोनिका आणि चँडलर जुळी बाळं घेऊन शहराबाहेरच्या घरी निघतात, रॉस-रेचेल एकत्र येतात, फीबीचं लग्न झालेलं असतं. एकटा उरतो जोई. पण नव्या घरात तुझ्यासाठी एक खोली आहे, असं त्याला सांगितलं जातं, आणि आपला जीव भांड्यात पडतो. चला, पोरगं उघड्यावर पडलं नाही. मग चारच महिन्यांनी नवी मालिका येते आणि सांगते की तो सगळं सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. पुढच्या 46 भागांत त्या पाचांपैकी एकही जण त्याच्या दारात येत नाही. डेव्हिड श्विमरने दोन भागांचं दिग्दर्शन केलं खरं, पण रॉस म्हणून तो दिसला नाही. प्रेक्षकाला तक्रार नेमकी मांडता आली नसेल, पण मनात हेच असणार: अरे, त्या खोलीचं काय झालं?

मग स्पिन-ऑफ करूच नये का? तसंही नाही. वर आलेली 'फ्रेझियर' हीसुद्धा स्पिन-ऑफच होती. 'चीअर्स' (1982 ते 1993) ही बोस्टनमधल्या एका बारची मालिका. साध्या पिणाऱ्यांच्या त्या अड्ड्यात डॉक्टर फ्रेझियर क्रेन हा उच्चभ्रू, शिष्ट मानसोपचारतज्ज्ञ. सगळे त्याची टर उडवायचे आणि त्यातच त्याची गंमत होती. त्याला बाहेर काढताना करणाऱ्यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, त्याला मुद्दाम बोस्टनपासून लांब सिअॅटलला नेलं, म्हणजे जुन्या मंडळींना पाहुणे म्हणून सारखं आणण्याचा आग्रह होणार नाही. दुसरी जास्त मोलाची. त्याच्याभोवती नवी नाती अशी रचली की त्याचा स्वभाव पुन्हा कुणावर तरी आपटेल. त्याच्यापेक्षा शिष्ट असा धाकटा भाऊ नाइल्स, आणि गोळी लागून निवृत्त झालेला पोलीस बाप मार्टिन, जो आपली फाटकी आरामखुर्ची घेऊन मुलाच्या उंची फ्लॅटमध्ये राहायला येतो. बारमधल्या साध्या माणसांची जागा आता बापाने घेतली.

गंमत म्हणजे 'चीअर्स'मध्ये फ्रेझियरने आपले वडील वारल्याचं सांगितलं होतं! नव्या मालिकेने ही चूक झाकली नाही. पुढे जुना दोस्त सॅम भेटायला येतो तेव्हा खुलासा होतो: बापलेकांचं भांडण झालं होतं, त्या रागात तो तसं बोलला होता. एका विसंगतीतून नातं आणखी खरं झालं. मालिका 11 वर्षं चालली, 264 भाग झाले, 37 एमी पुरस्कार मिळाले. त्याच 'चीअर्स'ची आणखी एक फांदी 1987 मध्ये 'द टॉर्टेलीज' नावाने लावली होती. ती 13 भागांत वाळली. झाड एकच, नशीब वेगळं.

आता आपल्या घरातलं उदाहरण. झी मराठीवर 2015 मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. मुंबईतल्या एका घरात राहणारे सहाजण, आणि त्या घराचं नाव 'माजघर'. तुमच्यातल्या अनेकांनी आईशी रिमोटसाठी भांडून ती पाहिली असेल. पुढे 2017 मध्ये तेच कलाकार घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' आली. यावेळी पात्रं नवी, नावं नवी, आणि माजघराऐवजी एक रेस्टॉरंट. ती त्याच वर्षी संपली.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहा. 'जोई'त पात्र तेच ठेवलं आणि सोबती बदलले. 'दोबारा'त सोबती तेच ठेवले आणि पात्रं बदलली. दोन्हीकडे प्रेक्षक काहीतरी शोधत राहिला. म्हणजे आपण जीव लावतो तो नुसत्या माणसाला नाही, नुसत्या चेहऱ्यांनाही नाही. अमुक माणूस अमक्याशी कसा बोलतो, त्याला आपण जीव लावतो. सुजय आणि कैवल्य यांच्यामध्ये जे काही होतं, ते ना सुजयच्या खिशात होतं ना कैवल्यच्या. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नव्याने घडवावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

हे आपल्याला तरी नवीन नसावं. आपण सगळेच एका अर्थाने स्पिन-ऑफ. कुणाचे पूर्वज होळकरांबरोबर इंदूरला आले, कुणाचे शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, कुणाचे गायकवाडांबरोबर बडोद्याला. त्यांनी इथे नुसती पुण्याची नक्कल केली असती, तर दोन पिढ्यांत कंटाळून आटोपतं घेतलं असतं. इंदूरच्या पोह्यांकडे पाहा. शेव घातली, वरून जीरावण भुरभुरलं, शेजारी जिलेबी बसवली. पुण्याचा पाहुणा भुवया उंचावतो आणि दुसरी प्लेट मागतो. पोहे पोहेच राहिले, फक्त त्यांना इथले सोबती मिळाले.

भाचीने हे विचारलं त्याला एक कारण आहे, ते तिने पत्रात शेवटी लिहिलंय. बारावीनंतर तिचा ग्रुप फुटतोय. एक पुण्याला, एक बंगळुरूला, दोघं इथेच, आणि ही हैदराबादला. सगळ्यांना हसवणारी म्हणून ही ग्रुपमध्ये प्रसिद्ध. "तिकडे मी कुणाला हसवणार?" असं तिने विचारलंय.

बाळा, सुरुवातीचे काही महिने तुझे विनोद पडतील. ते विनोद वाईट नाहीत. ते ज्यांच्या जिवावर उभे होते ती मंडळी तिथे नसतील, एवढंच. तिथे जुन्या मैत्रिणीसारखी दुसरी शोधू नकोस, मिळणार नाही. तुझ्याशी भांडेल, तुझ्यावर डोळे वटारेल, अशी एखादी नवी मार्टिनची आरामखुर्ची खोलीत येऊ दे. तुझं हसवणं तिच्यावर आपटून वेगळ्याच आवाजात वाजेल.

आणि तुम्ही जे मागे राहणार आहात, त्यांना एकच सांगणं. दिवाळीला ती येईल तेव्हा जरा बदललेली असेल. तिला जुने विनोद पुन्हा करायला लावू नका. फक्त तिची खोली तेवढी राखून ठेवा.