ताट कोण घासणार?

कागदी प्लेट की स्टीलचं ताट, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पिढीत पर्यावरण ठरवत नाही, मावशी ठरवतात. मावशी येणार असतील तर ताट. दांडी असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून 'यूज अँड थ्रो'चं पाकीट. (दांडी हा आपला शब्द. त्यांच्या लेखी ती महिन्यातली एकुलती एक सुट्टी असते!)

थर्माकोलच्या प्लेट्स महाराष्ट्रात 2018 मध्ये बंद झाल्या. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या प्लेट्स, पेले, चमचे देशभर गेले. मग कागद आला आणि आपण सगळे एकदम इको-फ्रेंडली झालो. पण जरा विचार करा, चहा न गळणारा कागद कुणी पाहिलाय का? त्या कपाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये चक्क मोजून दाखवलं, की असा कप 15 मिनिटं गरम राहिला तर 100 मिलीमध्ये प्लास्टिकचे साधारण 25 हजार सूक्ष्म कण उतरतात. मीटिंग लांबली की तुमच्या हातात तो कप किती वेळ असतो, सांगा बरं!

म्हणून लगेच मगांचा सेट ऑर्डर करू नका. मार्टिन हॉकिंग या कॅनडातल्या रसायनशास्त्रज्ञाने 1994 मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला होता. चिनी मातीचा कप कागदी कपाच्या बरोबरीला यायला 39 वेळा वापरावा लागतो, आणि फोमच्या कपाशी बरोबरी करायला तब्बल 1006 वेळा. त्यात डिशवॉशरचा खर्च धरलेला होता. आपण थंड पाण्याने, हाताने घासतो. 39 म्हणजे दिवसाला दोन चहा धरले तर वीस दिवस. जमण्यासारखं आहे. पण वाढदिवसाला मिळालेले आणि शोकेसमध्ये बसलेले सात मग? ते निव्वळ ओझं.

पळसाची पत्रावळ किंवा सुपारीच्या पानाची प्लेट मात्र मला मान्य आहे, खालून चकचकीत कागद चिकटवलेला नसेल तर. पण वीस-पंचवीस माणसं जेवायला असतील तेव्हा. रोजच्या वरणभाताला कशाला?

माझ्या घरी सध्या साधा नियम आहे: जेवला तो ताट घासेल. पाहुणेसुद्धा. नळ सोडून नाही, टोपल्यात पाणी घेऊन, कारण एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतो. एका मित्राने घासणी हातात घेऊन, 'याची कुठली बाजू?' असं विचारलं. साहेब कंपनीत टीम लीड आहेत.

ऑफिससाठी एक ताटली, वाटी आणि पेला पुरतो. भांड्यांच्या दुकानात गेलात तर नाव घालून मिळतं का तेही विचारा. पॅन्ट्रीतून स्टीलचे चमचे कुठे जातात, हे अजून कुठल्याही एचआरला कळलेलं नाही.