बारावीनंतरचा पहिला गृहपाठ

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी दोन प्रश्न ऐकू येतात. पहिला, ‘किती मिळाले?’ आणि दुसरा, ‘मग आता पुढे काय?’ पहिल्याचे उत्तर गुणपत्रिका देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र सगळ्यांकडे तयार असते. मामांना इंजिनीअरिंगशिवाय काही दिसत नाही, आत्या बँकेच्या परीक्षेचे महत्त्व सांगते, शेजारचे काका ‘हल्ली कॉम्प्युटरलाच भाव आहे’ म्हणतात. गप्प असतो तो फक्त ज्याला पुढची तीन-चार वर्षे ते शिकायचे आहे तो मुलगा किंवा ती मुलगी.

मुलामुलींनो, १९८९ मध्ये आपल्या देशात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले गेले. म्हणजे देशाचे सरकार निवडण्याइतकी समज तुम्हाला आली आहे किंवा लवकरच येणार आहे, असे कायदा मानतो. मग स्वतःचा अभ्यासक्रम निवडताना तुमचे मत कुणी का विचारत नाही, असा राग तुम्हाला येत असेल. पण रागावण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. ‘मला हे नको’ यापलीकडे तुमच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? वडिलांनी ‘तिथली फी किती? राहायची सोय काय? पुढे नोकरी कुठे मिळते?’ असे विचारले आणि तुम्ही ‘माझे मित्र तिकडेच जाताहेत’ एवढेच सांगितलेत, तर निर्णय त्यांनी घेतला यात नवल ते काय! स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा असेल, तर आधी गृहपाठ करावा लागतो. शाळेचा गृहपाठ संपला, आता हा सुरू झाला.

गुणपत्रिका नीट वाचा

टक्केवारी बघून गुणपत्रिका कपाटात ठेवू नका. विषयवार गुण बघा. कोणत्या विषयाचा अभ्यास कुणी न सांगता होत होता आणि कोणता विषय क्लास लावूनही डोक्यात शिरत नव्हता, हे तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. भौतिकशास्त्राच्या नावाने पोटात गोळा येणाऱ्या मुलाने केवळ प्रवेश मिळतो म्हणून इंजिनीअरिंगला जाणे म्हणजे पुढची चार वर्षे रोज तोच गोळा पोटात घेऊन जगणे. एखाद्या विषयात अगदीच अनपेक्षित गुण आले असतील, तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मात्र त्याची मुदत थोडीच असते, तेव्हा रडण्यात दिवस घालवू नका.

चौकशी करा, पण योग्य ठिकाणी

कॉलेजच्या माहितीपत्रकात इमारतीचे फोटो असतात. वर्गात शिक्षक येतात की नाही, हे त्यात नसते. ते विचारायचे तिथे दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला. प्रयोगशाळा कधी उघडते, वसतिगृहाच्या जेवणाचे किती पैसे पडतात, मागच्या वर्षी किती जणांना काम मिळाले, हे सारे तो सांगेल. संस्थेला मान्यता आहे का, तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करत असतो. पैसे भरण्यापूर्वी ती पाहण्याचे कष्ट घ्या.

मग एका कागदावर खर्च मांडा. फीबरोबर पुस्तके, खोलीभाडे, खानावळ, घरी येण्या-जाण्याचे भाडेही लिहा. पैशाची अडचण असेल, तर शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याजाची आकारणी मात्र मधल्या काळातही चालू असते, हे विसरू नका.

हा कागद हातात घेऊन आई-बाबांसमोर बसा. ‘बाबा, मला हे शिकायचे आहे, त्याला एवढा खर्च आहे आणि त्यातून पुढे या वाटा आहेत,’ असे शांतपणे सांगणाऱ्या मुलाला उडवून लावणे सोपे नसते. ते तरीही नाही म्हणाले, तर त्यांची कारणेही तितक्याच शांतपणे ऐका. घरावरचे कर्ज, आजोबांचे आजारपण अशा गोष्टी पुष्कळदा त्याच दिवशी पहिल्यांदा मुलांच्या कानावर येतात.

मुलींनो, तुमच्यासाठी

आजही अनेक घरांत मुलाचे कॉलेज अभ्यासक्रम पाहून ठरते आणि मुलीचे कॉलेज अंतर पाहून. ‘एवढा खर्च करून शेवटी लग्नच करायचे ना?’ हे वाक्य अजून ऐकू येते. अशा वेळी भांडू नका, माहिती पुढे ठेवा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घ्यावा लागतो. दाराबाहेर पडायला मुली घाबरत नाहीत, हेही आता सिद्ध झाले आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

आणि जे नापास झाले

ज्यांच्या घरी या वर्षी पेढे आले नाहीत, त्यांच्याशी थोडे अधिक बोलायचे आहे. ‘मालगुडी डेज’ लिहिणारे आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले होते. वर्षभर ते घरीच वाचत आणि लिहीत बसले, १९२६ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मग म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात गेले. पदवीलाही त्यांना एक वर्ष जास्तच लागले. नापास होणारा प्रत्येक जण लेखक होतो असे नाही. पण वाया गेलेले म्हणून जे वर्ष लोक मोजतात, ते खरोखर वाया घालवायचे की नाही, हे आपल्याच हातात असते.

मुख्य निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. तिचा अर्ज आधी भरा, नातेवाइकांच्या प्रश्नांची उत्तरे नंतर द्या. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, आयटीआय आहे. लोकांना तोंड कसे दाखवू, या विचाराने जीव नकोसा झाला, तर आई, ताई, आवडते शिक्षक, कुणा एकाला त्याच क्षणी सांगा. तेही जमत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा दूरध्वनी क्रमांक फिरवा. तो विनामूल्य आहे आणि रात्रीही चालू असतो.

पालकांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी मुलाच्या ताटात आधी जेवण वाढा, शेजारच्या मुलाचे गुण नंतर विचारा. नाही विचारलेत, तर त्याहून चांगले.

मुलामुलींनो, गृहपाठ मनापासून करा. प्रवेश कुठेही मिळो, पहिल्या दिवशी वर्गात बसताना ‘मला इथे बसवले’ असे नव्हे, तर ‘मी इथे आलो’, ‘मी इथे आले’ असे म्हणता यायला हवे. पुढच्या वाटचालीसाठी तुम्हाला मनःपूर्वक शुभेच्छा!