काट्याला आडनाव वाचता येत नाही

स्वस्त विमानसेवेबद्दलच्या तक्रारी ऐकून कान किटले आहेत. सामानाचे नियम म्हणजे लूट, काउंटरवरची मुलं म्हणजे उद्धट, सात किलोची मर्यादा म्हणजे गरिबाची थट्टा. आणि बोलणारे आपले असतील तर शेवटी एक वाक्य हमखास येतं, ‘दाढी बघितली, म्हणून बॅग काट्यावर ठेवायला लावली.’ यातल्या बऱ्याच तक्रारी बिनबुडाच्या आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बिनबुडाच्या आहेत म्हणून फक्त हसून सोडून देण्यासारख्या नाहीत, कारण त्यांच्यामुळे आपल्या खऱ्या तक्रारींचं नुकसान होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कामासाठी पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा फेऱ्या सतत चालू असतात आणि तिकीट नेहमी सर्वांत स्वस्त असेल तेच काढतो. कोणत्याही विमान कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान काउंटरवर देता येतं आणि ७ किलोची एक बॅग सोबत नेता येते. हातात एकच बॅग हा नियम तर सुरक्षेचा आहे, तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोने घातला आहे. महिलांची पर्स आणि अशा काही ठरावीक छोट्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएने आणखी एक मुभा दिली. ज्याला काउंटरवर सामान द्यायचंच नाही, त्याला कंपनीने आणखी स्वस्त तिकीट द्यावं, फक्त ऐनवेळी सामान आणलं तर किती पैसे पडतील हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगावं. म्हणजे आकडा तिकिटावर असतो, ईमेलमध्ये असतो, अॅपमध्ये असतो. घरून आधी पैसे भरले तर जादा किलो स्वस्त पडतात, काउंटरवर महाग. हे सगळं माहीत असताना किंवा माहीत करून घेणं सहज शक्य असताना ‘लूट’ हा शब्द कसा लागू होतो? लूट करणारा दर आधी छापून देत नाही.

खरी अडचण सवयीची आहे. आपण रेल्वे आणि एसटीतून विमानात आलो. रेल्वेतही वजनाची मर्यादा आहे. स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो. पण आपली बॅग रेल्वेत कोणी कधी तोलली आहे? नियम असतो आणि तो कोणी लावत नाही, या व्यवस्थेत आपण वाढलो. त्यामुळे कुणी नियम लावला की आपल्याला तो अन्याय वाटतो.

२००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली, तेव्हा या देशातल्या साध्या माणसाला पहिल्यांदा विमान परवडेल असं वाटायला लागलं. त्या धंद्याचं गणित सरळ आहे. भाडं फक्त सीटचं घ्यायचं, जेवण, जादा सामान, आवडीची जागा यांचे पैसे ज्याला हवं त्याने वेगळे द्यायचे. हे गणित मोडून सगळ्यांना ३० किलो फुकट द्या म्हणणारा माणूस प्रत्यक्षात काय मागतो? एक पिशवी घेऊन लेकीकडे निघालेल्या म्हातारीने आपल्या तीन सुटकेसचं भाडं भरावं, एवढंच. गरिबाच्या नावाने चाललेली ही मागणी गरिबाच्याच खिशात हात घालते.

वजनाचा हिशेब पैशापुरताही नसतो. १८० सीटच्या विमानात प्रत्येकाने ‘फक्त पाच किलो’ जास्त आणले तर ९०० किलो होतात. प्रवाशांना कुणी काट्यावर उभं करत नाही, त्यांचं सरासरी वजन धरलं जातं. सामानाचं वजन मात्र मोजलं जातं. त्या आकड्यांवर इंधन, उड्डाणाचा वेग आणि विमानाचा तोल ठरतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. आत चुकीची माहिती घातली की बाहेर चुकीचंच उत्तर येतं. पायलटला दिलेल्या कागदावर एक वजन आणि डोक्यावरच्या कप्प्यांत दुसरं, हे कुणालाही चालणार नाही. तक्रार करणाऱ्यालाही नाही.

तो कप्पाही मोजकाच असतो. आधी चढलेल्या पाच जणांनी दोन-दोन बॅगा कोंबल्या की नियमाने एकच बॅग आणलेल्या मागच्या माणसाची बॅग खाली पाठवली जाते. म्हणजे नियम मोडणारा हिसकावून घेतो ते शेजाऱ्याचं, कंपनीचं नाही. आणि सामानाचा मोह किती जिवावर बेततो ते ३ ऑगस्ट २०१६ ला दुबईत दिसलं. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर आदळलं, पेटलं. आत ३०० माणसं होती. बाहेर पडण्याऐवजी काही जण वरून बॅगा काढत होते, ते मोबाइलच्या व्हिडिओत सगळ्या जगाने पाहिलं. काही मिनिटांत इंधनाची टाकी फुटली. प्रवासी सगळे वाचले, त्यांच्यासाठी आग विझवायला आलेला एक जवान मात्र गेला.

आता काउंटरच्या पलीकडे पाहू. तिथे उभी असलेली मुलगी बहुधा विशी-पंचविशीतली असते. पहाटेची पाळी असते. नियम तिने केलेला नाही आणि तो माफ करण्याचा अधिकारही तिला नाही. तिच्यावर ओरडून कंपनीचं काय बिघडतं? विमानाच्या पोटात वाकून सामान रचणाऱ्या लोडरचा तर आपण विचारही करत नाही. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर नको, ही मर्यादा जगभर पाळली जाते ती त्याच्या पाठीसाठी. ‘एकाच बॅगेत ४० किलो आहे, पण दोघांचं मिळून बसतं ना’ असा युक्तिवाद करणाऱ्याने ती बॅग एकदा स्वतः खांद्यापर्यंत उचलून दाखवावी.

या रागाचं टोक कुठे जातं? जुलै २०२५ मध्ये श्रीनगर विमानतळावर स्पाइसजेटच्या चार कर्मचाऱ्यांना मारहाण झाल्याचं प्रकरण गाजलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार प्रवाशाकडे सात किलोच्या जागी १६ किलोच्या दोन बॅगा होत्या, जादा पैसे मागितल्यावर हाणामारी झाली आणि एकाच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. प्रवासी लष्करी अधिकारी होता, त्यानेही पोलिसांत उलट तक्रार दिली. कायदा काय ठरवायचं ते ठरवेल. पण नऊ किलो सामानावरून माणसं हॉस्पिटलात जातात, ही गोष्ट आपल्या नागरिकपणाबद्दल बरंच सांगते.

आता आपल्या घरातलं बोलतो, कारण हे आपल्यालाच एकमेकांना सांगावं लागेल.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हैदराबादहून परत येत होते. मी त्याच रांगेत होतो. त्यांची हातातली बॅग ११ किलो भरली आणि पैसे भरावे लागले. त्यांच्या आधी एका जोडप्याला आणि एका कॉलेजच्या मुलालाही भरावे लागले होते. त्या तिघांपैकी कोणीही मुसलमान नव्हतं. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरत होता, ‘मुस्लिम प्रवाशाचा विमानतळावर अपमान’. मी खाली लिहिलं की काट्याला आडनाव वाचता येत नाही. त्यावर मलाच ‘कौमचा दर्द नाही’ असं ऐकवण्यात आलं.

दर्द आहे, म्हणूनच लिहितो. नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, हे मला कुणी सांगायला नको. पुण्यात मी ते सोसलं आहे. विमानतळावरही भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो होतो तेव्हा तो सिद्ध करावा लागतो. रांगेत कोण होतं, कोणाची बॅग तोलली, कोणाची सोडली, वेळ काय, काउंटर कोणता, साक्षीदार कोण. एवढं लिहून दिलं तर त्या तक्रारीला कुणी हलक्यात घेऊ शकत नाही. ११ किलोच्या बॅगेसाठी आपण तोच आरोप वापरला, तर उद्या खरोखर अपमान झालेल्या बहिणीला समोरचा म्हणेल, ‘तुम्ही लोक नेहमीच असं म्हणता.’ तेव्हा त्या बहिणीचं नुकसान आपण केलेलं असेल.

मापात पाप करणाऱ्यांवर कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. ती फक्त किराणा दुकानदारासाठी आहे असं समजून चालू नये. तिकीट घेताना आपण ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवतो. तो वायदाच आहे.

आणि हा वायदा पाळणारी माणसं आपल्यातच आहेत. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाच्या रांगेत उभे राहा. खेड, चिपळूणकडचा कामगार घरून हातकाट्यावर वजन करून आलेला असतो. खोका दोरीने बांधलेला, वर मार्करने नाव लिहिलेलं, वजन बरोब्बर. त्याला एक किलोची किंमत माहीत असते. तमाशा बहुतेक वेळा माझ्यासारखे पगारदार करतात.

‘म्हणजे कंपन्या साधुसंत आहेत का?’ अजिबात नाहीत. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाने जेद्दाहून हैदराबाद-मुंबई आणि कोचीला येणाऱ्या विमानांत झमझमचे कॅन चालणार नाहीत असं अचानक जाहीर केलं. हाजींनी तिकिटं आधीच काढलेली होती. ओरड झाली, रास्त झाली, आणि कंपनीला माघार घेऊन मर्यादेत बसणारं झमझम नेऊ द्यावं लागलं. तिथे शब्द कंपनीने फिरवला होता. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी नीट न केल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. राग काढायचा तर तिथे काढायचा.

भांडण्यासारखं पुष्कळ आहे. विमान उतरल्यावर शेवटची बॅग ३० मिनिटांत मिळाली पाहिजे, असं सुरक्षा ब्युरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. मिळत नसेल तर लेखी तक्रार करा. बॅग फुटली किंवा आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या काउंटरवर अहवाल नोंदवून त्याची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. मुदत गेली की हक्क गेला. काट्याबद्दल शंका असेल तर शेजारच्या काउंटरवर पुन्हा तोलायला सांगा, शांतपणे. कंपनी ऐकत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर जा.

यातलं काहीही आरडाओरडा करून होत नाही. त्यासाठी कागद लागतो, वेळ लागतो, सब्र लागतो. पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘भाई, बॅगेचं वजन किती होतं?’ आकडा सात किंवा त्याहून कमी असेल तर त्याच्या बाजूने लढायला मलाही बोलवा.