सागाच्या ओंडक्याला गाव आहे, मायक्रोमीटरला का नाही?

पडोलीकडच्या एका लेथवाल्याच्या टेबलावर परवा दोन मायक्रोमीटर शेजारी शेजारी ठेवलेले पाहिले. दोन्हींवर वेगवेगळ्या ब्रँडची नावं, किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. पण रॅचेट तोच, लॉकची कडी तीच, आकड्यांचं वळण तेच, पेटीतल्या फोमच्या खाचा त्याच. माहितीपत्रकातली इंग्रजीची चूकसुद्धा तीच!

"डबा बदलला भाऊ, माल तं तोच आहे ना जी," तो म्हणाला आणि हसला.

हसण्यासारखं काही नव्हतं. महागड्या मायक्रोमीटरच्या भरवशावर त्यानं पंपाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा काढली होती. बेअरिंग सैल बसलं, काम परत आलं. मग ओळखीच्याकडून स्लिप गेज आणून तपासलं. शून्यावर एकदम बरोबर, पण २० मिलिमीटरवर तीन शतांश जास्त दाखवत होता. मजुरी गेली, मटेरियल गेलं, गिऱ्हाईकही गेलं.

मी पत्रकार, लेथ मला चालवता येत नाही. पण ही वस्तू बनवली कोणी, एवढं शोधून काढू म्हटलं. दोन्ही पेट्यांवर दोन वेगळे आयातदार, देश एकच. कारखान्याचं नाव कुठेच नाही. दुकानदार म्हणतो, "वर लिहिलंय तीच कंपनी." आयातदाराला फोन केला तर आधी गोड बोलणं, कारखान्याचं नाव विचारल्यावर फोन बंद.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्याकडून बनवून घेऊन आपलं नाव टाकणं हा काय गुन्हा आहे? नाही, गुन्हा नाही. आपल्या जालंधर-लुधियानाचे पाने परदेशात परक्या नावानं विकले जातातच, आणि चांगला माल कोणत्याही नावानं चांगलाच. माझं भांडण लपवण्याशी आहे. आज एका कारखान्यातून घेतलं, उद्या स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्यातून. पेटी तीच, भाव तोच, आतली वस्तू मात्र बदललेली. तक्रार करायची कोणाकडे? स्टिकरकडे?

कायद्यातच फट आहे. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे देशात बनलेल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता हवा. आयात मालावर मात्र आयातदाराचं नाव आणि मूळ देश लिहिला की झालं, कारखाना सांगायची सक्ती नाही. आणि 'औद्योगिक ग्राहका'साठीच्या मालाला तर या नियमांतून सूटच. म्हणजे बिस्किटाच्या पुड्याची जेवढी चौकशी होते, तेवढी शतांश मिलिमीटर मोजणाऱ्या हत्याराची होत नाही.

आपल्या जिल्ह्यांत हे जास्तच खटकतं. बल्लारपूरच्या डेपोतल्या सागाच्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो, सोबत टीपी असते. टीपी नसेल तर नाक्यावर ट्रक उभा राहतो. अयोध्येच्या मंदिरासाठी इथला साग गेला तेव्हा कुठल्या जंगलातलं लाकूड, हे सगळ्या राज्याला माहीत होतं. लाकडाला जन्मदाखला आहे आणि ज्या मापावर कारखाने चालतात ते बेवारस!

सरकारी खरेदीतही तेच. जेम पोर्टलवर २०२० पासून मूळ देश सांगणं बंधनकारक झालं, चांगलं झालं. पण 'मेक इन इंडिया' आदेशात पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार ठरायला ५० टक्के देशी हिस्सा लागतो आणि १० कोटींच्या आतल्या खरेदीत त्यासाठी पुरवठादाराचं स्वतःचं लेखी म्हणणं पुरतं. आयटीआयच्या मायक्रोमीटरची खरेदी काय १० कोटींची असते? स्वतःच परीक्षा द्यायची, स्वतःच पेपर तपासायचा. त्याच हत्यारावर गडचिरोलीची पोरं टर्नर, मशिनिस्टचा ट्रेड शिकणार.

माझी मागणी साधी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयसाठी मापन हत्यारं घेताना निविदेत उत्पादक कारखान्याचं नाव मागा. प्रत्येक नगासोबत एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या, आणि त्यावर त्याच नगाचा सिरियल नंबर आहे का ते बघा. पेटीतल्या छापील 'ओके' कागदाला प्रमाणपत्र म्हणत नाहीत.

वर्कशॉपवाल्या भावांनो, तुमच्याकडे अशी 'जुळी' हत्यारं असतील तर पेटीची मागची बाजू, लेबल आणि सिरियल नंबर दिसेल असे फोटो कमेंटमध्ये टाका. दुकानाचं नाव झाका, दुकानदाराशी आपलं भांडण नाही. बिल असेल तर जपून ठेवा, लागणार आहे.