यंत्र घरात आले, काम कोणाचे?

माझा एक मावसभाऊ संगणक क्षेत्रात नोकरी करतो. हिंजवडीला त्याची कंपनी आहे आणि त्याची बायकोही त्याच क्षेत्रात आहे. कोणता मोबाईल घ्यावा, कोणते वॉशिंग मशीन वीज कमी खाते, भांडी घासायचे यंत्र खरोखर उपयोगी पडते का, याबाबत आमच्या नातेवाइकांत त्याचाच सल्ला शेवटचा मानला जातो. माणूस सरळ आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे. म्हणूनच त्याची मते हसण्यावारी न्यावीत असे मला वाटत नाही. तो जे सहज बोलून जातो तेच आज शिकलेल्या मध्यमवर्गातले बहुतेक पुरुष बोलतात आणि पुष्कळ स्त्रियाही बोलतात.

त्याची तीन विधाने मी नेहमी ऐकते. पहिले, “ताई, तुमच्या चळवळीला पन्नास वर्षांत जमलं नाही ते मिक्सर आणि वॉशिंग मशीननं करून दाखवलं.” दुसरे, “बाजारात आता सगळं मिळतं. ज्याला नको त्यानं घेऊ नये, निवड आपल्या हातात आहे.” आणि तिसरे, “मोबाईल हातात आला की बाई स्वतंत्र झाली.”

मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेली दहा-बारा वर्षे वस्तीत आणि कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आहे. तिथे रोज जे दिसते त्याच्या आधारे ही तिन्ही विधाने तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जाते गेले, पण…

आधी यंत्रांचे श्रेय यंत्रांना देऊ या. पहाटे उठून दळण दळणे किती जिवावर येत असे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगून ठेवले आहे. जात्यावरच्या ओव्यांचे आपण संग्रह केले, अभ्यास केला, ते योग्यच झाले. पण ओव्या गेल्या म्हणून जाते परत आणा, असे दळणाऱ्या बाईने कधी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. गिरणी आली, नळ आला, गॅस आला आणि जिथे आला तिथे बाईच्या पाठीवरचा, डोळ्यांवरचा, छातीवरचा भार खरोखर उतरला. यंत्राला नाके मुरडणे ही ज्यांना हाताने काम करावे लागत नाही त्यांची चैन आहे.

आपल्या देशी मिक्सरची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईतले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकेना. त्यातून माथुरांनी जास्त ताकदीची मोटर असलेला मिक्सर घडवला आणि १९६३ साली ‘सुमीत’ बाजारात आला. वाटण वाटणारीची अडचण इंजिनिअरच्या कानावर गेली आणि ती सुटली. वाटण कोणी वाटायचे, हा प्रश्न मात्र त्यात कोणी विचारला नव्हता आणि कोणतीही मोटर तो सोडवू शकत नव्हती.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेत घरगुती यंत्रे आल्यावर कष्ट हलके झाले, पण आईचा वेळ मात्र वाचला नाही. लाकडे फोडणे, पाणी भरणे अशी पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची कामे यंत्रांनी आधी संपवली. जे उरले ते एकट्या आईकडे आले, आणि स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढत गेल्या.

आपल्याकडेही हे पाहता येते. मशीन कपडे धुते हे खरे. पण मळके कपडे गोळा करणे, खिसे तपासणे, रंग जाणारे वेगळे काढणे, वाळत घालणे, पावसाची सर आली की धावत जाऊन काढणे, घड्या घालणे, ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणे, ही कामे मशीन करीत नाही. शिवाय पूर्वी एक शर्ट दोन दिवस चालत असे. आता घरात मशीन आहे म्हटल्यावर तो रोज धुवायला पडतो. ही गोष्ट साबण विकणाऱ्यांच्याही लक्षात आली होती. २०१५ साली ‘एरियल’ने कपडे धुणे हे फक्त बायकांचेच काम आहे का, असा प्रश्न जाहिरातीतून विचारला. प्रश्न चांगला होता, पण त्या जाहिरातीतून विकायची होती पावडर.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहा. २०१९ साली विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ वाचली! यातही घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत साधारण एक, तर स्त्रिया पाचांत चार. म्हणून मावसभावाला मी सांगते, अरे, काम हलके होणे वेगळे आणि कामाची वाटणी होणे वेगळे. पहिले यंत्र करते. दुसऱ्यासाठी अजून तरी भांडावेच लागते.

निवड कोणाची, घाम कोणाचा?

आता निवडीबद्दल. २०२० च्या टाळेबंदीत मोलकरणींना सोसायटीच्या फाटकातून आत येऊ देत नव्हते. तेव्हा अनेक सुखवस्तू घरांनी भांडी घासायची यंत्रे घेतली. ती त्यांची निवड होती. त्याच महिन्यांत आमच्या वस्तीतल्या बायकांचा पगार थांबला, काहींची कामे कायमची गेली. यात त्यांनी काय निवडले होते?

मार्च २०२५ मध्ये ‘अर्बन कंपनी’ने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई मिळवून देणारी सेवा सुरू केली. तासाला ४९ रुपये असा सुरुवातीचा दर जाहीर झाला आणि सेवेचे नाव होते ‘इन्स्टा मेड्स’. भाजी मागवावी तशी बाई मागवायची, या कल्पनेवर टीका झाली आणि कंपनीने नाव बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केले. मावसभावाला या सेवेत सोय दिसते. त्याची सोय मी नाकारत नाही. पण पंधरा मिनिटांत दारात हजर होणारी बाई त्याआधी कुठे, कशी थांबलेली असते? तिला बसायला जागा, स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांत विश्रांती मिळते का? ग्राहकाने कमी तारे दिले तर तिचे ऐकून कोण घेते? हे प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर उमटत नाहीत. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. संप करायला मालकीणबाई समोर दिसत होत्या. आता मालक कोण, हेच आधी शोधावे लागते.

ग्राहक म्हणजे एकट्याने दुकानात उभा असलेला माणूस, ही कल्पनाही तपासली पाहिजे. १९७२ साली मुंबईत महागाईविरोधात हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या निरनिराळ्या पक्षांतल्या बायका त्या समितीत एकत्र होत्या. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या घरांचे गट करून महिन्याचा माल एकत्र घेण्याची पद्धत रुजवली. या ग्राहक स्त्रिया भाव विचारत होत्या, वजन तपासत होत्या, आणि हे सर्व मिळून करीत होत्या. आज प्रत्येकीच्या हातात स्वतंत्र पडदा आहे, त्यावरच्या सवलती घरागणिक वेगळ्या आहेत आणि शेजारणीशी बोलायचे कारणच उरलेले नाही.

वस्तीत तर निवड या शब्दाचा अर्थ आणखी निराळा आहे. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर असते. त्यातून आलेला टीव्ही घराचा होतो, महागडा मोबाईल नवऱ्याचा किंवा मुलाचा होतो आणि हप्ता तेवढा बाईचा राहतो. हप्ता चुकला की गटातल्या बायका दारात येतात त्या तिच्या. वस्तू कोणी निवडली आणि पैसे कोण फेडते, हे दोन प्रश्न आपण गटाच्या वहीत वेगळे लिहिले तर चित्र लगेच स्पष्ट होईल.

मोबाईल तिचा, चावी कोणाकडे?

तिसरे विधान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात अर्धे खरे आहे. मोबाईलमुळे बायकांना बळ मिळालेले मी पाहिले आहे. रात्री मार खाल्लेली बाई सकाळपर्यंत थांबत नाही, फोन करते. धमकीचे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवते. माहेरी, मैत्रिणीकडे, संस्थेकडे तिचा धागा टिकून राहतो.

पण मोबाईल हातात असणे म्हणजे मोबाईल तिचा असणे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरतात असा मोबाईल आहे असे देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले. बाकीच्यांचा नंबर कुठेही लिहिला तरी फोन वाजतो तो दुसऱ्याच्या खिशात. बँकेचा, आधारचा, गॅसचा एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा, ज्याला सगळे ओटीपी म्हणतात, तोही तिथेच येतो.

‘लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२४ साली ही योजना सुरू झाली आणि महिन्याला १५०० रुपये बाईच्या खात्यावर जमा होऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी ठेवली, म्हणजे त्यांच्या मोबाईलवर येणारा आकडाही लागणार. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी कागदपत्रे देण्याची सोय पुढे करण्यात आली. पण नवऱ्याने टाकलेल्या, कायदेशीर घटस्फोट न झालेल्या आणि वडील हयात नसलेल्या बाईने काय करायचे? ज्याने घराबाहेर काढले त्यालाच फोन करून “आकडा सांगा” म्हणायचे? आमच्या केंद्रात अशा बायका येऊन बसल्या होत्या. परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या संघटना कित्येक वर्षे झगडल्या. एवढे होऊनही बाईची ओळख पटवायला यंत्राने पुन्हा नवराच मागितला.

मध्यमवर्गीय घरांत हाच प्रश्न चकचकीत रूपात येतो. आमच्याकडे आलेल्या एका बँक कर्मचारी स्त्रीच्या घरात दिवाणखान्यात कॅमेरा होता, ‘चोरांसाठी’. नवरा ऑफिसातून तो पाहायचा आणि “दुपारी कोणाशी बोलत होतीस?” असे संध्याकाळी विचारायचा. दुसरीच्या फोनवरून ती कुठे आहे हे सासरच्यांना कळत असे. तिसरी दरमहा पगार मिळवत होती, पण खात्याचे पासवर्ड नवऱ्याने ठेवले होते, “तुला त्यातलं कळत नाही” म्हणून. यातल्या एकीनेही पहिल्या भेटीत हे सांगितले नाही, कारण याला छळ म्हणायचे हेच त्यांना माहीत नव्हते.

कायद्यात मात्र जागा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. पैशापासून वंचित ठेवणे आणि हक्काने वापरता येतील अशा साधन-सुविधांपासून अडवणे हे त्यात येते. फोन काढून घेणे, खात्याची चावी दडवणे हे अर्जात लिहायला आपण कार्यकर्त्यांनीच शिकले पाहिजे. विचारलेच नाही तर ते नोंदले जाणार नाही.

मग काय करायचे?

“म्हणजे यंत्रं घ्यायचीच नाहीत का?” असे मावसभाऊ चिडून विचारतो. जरूर घ्यावीत. हात मोडेपर्यंत धुणे धुण्यात कसलेही शील नाही. पण यंत्राबरोबर घरात तीन प्रश्नही यावेत : ते चालवण्याचे काम कोण करणार, त्यातून वाचलेला वेळ कोणाला मिळणार, आणि त्याची चावी कोणाच्या हातात राहणार?

आपल्या गटांसाठी काही सूचना करते. सल्ला केंद्रातल्या पहिल्या मुलाखतीत फोन कोणाचा, नंबर कोणाच्या नावावर, खाते कोण चालवते, घरात कॅमेरा आहे का, हे विचारायला सुरुवात करावी. मात्र फोन दुसरा कोणी पाहत असेल तर तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी करावा, घाईने पासवर्ड बदलायला सांगू नये. प्रत्येक बचत गटाने एक बैठक फक्त एवढ्यासाठी घ्यावी, की प्रत्येकीला स्वतःच्या फोनवर स्वतःचे खाते पाहता आले पाहिजे. योजनांच्या पडताळणीसाठी नवऱ्याच्या फोनची अट नको, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीत समक्ष ओळख पटवण्याची सोय कायमची हवी, अशी मागणी आपण मिळून केली पाहिजे. आणि मोबाईलवरून कामाला बोलावल्या जाणाऱ्या बायकांना घरेलू कामगार म्हणून नोंद आणि संरक्षण मिळाले पाहिजे.

जात्यावर बसणारीला आपल्या कष्टाचा हिशेब तोंडपाठ होता. आपला हिशेब मात्र निरनिराळ्या पडद्यांमागे विखुरला आहे. तो एकत्र मांडायचे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही. आपल्या गटात या प्रश्नांवर काय बोलणे झाले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.