आधी व्याकरण चालवा

"बॉनेट बंद केल्यावर आतलं कुणाला दिसणार आहे?" हा प्रश्न मला घरच्यांनी आणि आल्यागेल्यांनी इतक्या वेळा विचारलाय की म्हटलं, उत्तर एकदा लिहूनच टाकावं. पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवता येईल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन करतेय, एकास सहा प्रमाणात. तयार संच आणून जोडायचा नाही, तर प्लॅस्टिकचा कोरा पत्रा, पितळेच्या नळ्या, सोल्डरची तार आणि इंजेक्शनच्या सुया यांतून एकेक भाग घडवायचा. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, साठ अश्वशक्तीचं. 'गो-डेव्हिल' हे त्याचं नाव. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर, माझ्याकडे तो १३.२ होतो. लांबी सहापट कमी झाली की आकारमान २१६ पट कमी होतं (हे गणिताच्या सरांनी आम्हाला इतकं रंगवून कधी सांगितलं नाही). म्हणजे ते २१९९ सीसी माझ्या टेबलावर जेमतेम दहा सीसी उरतात. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे!

आता मुद्दा. बॉनेटखालचं कुणी बघणार नाही हे मला मान्य आहे. पण या छंदातल्या पुष्कळ मंडळींचं उत्तर असतं की "आम्हाला तर माहीत असतं ना, आत काय आहे ते!" ते मला पुरेसं वाटत नाही. कारण अनेकदा त्यांनाही माहीत नसतं. फोटोत एक नळी दिसते, ते नळी लावतात. एक खटका दिसतो, ते खटका लावतात. इंजिन भरगच्च दिसतं आणि वाहवा होते. नेटवर अशा एका मॉडेलचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले. प्लगच्या चारही तारा सुरेख, पण डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर मधली पाचवी तारच नाही. कॉइलकडून वीज येते ती त्या पाचवीतून. ती नसेल तर उरलेल्या चौघी कशाची वाटणी करणार?

मी जन्मभर मराठी शिकवलं. वर्गात मुलांना सांगायचे, शब्दाचं व्याकरण चालवा. हा शब्द वाक्यात का आला, कुणाशी जोडलेला आहे, काढला तर काय बिघडेल? माझं ठाम मत आहे की इंजिनच्या भागाचंही असंच व्याकरण चालवल्याशिवाय कानस हातात घेऊ नये. ज्याचं काम कळलं नाही तो भाग करू नये, मग तो फोटोत कितीही देखणा दिसो.

हे मत पक्कं व्हायला कारण झाला तो डायनामोचा आधार. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिन्ही एका फॅन बेल्टवर चालतात. बेल्ट ताणून राहावा म्हणून डायनामोला वरून एक आधारपट्टी असते. साध्या गाडीत ती बोल्टने आवळली की झालं. युद्धातल्या या जीपवर मात्र त्या पट्टीला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ आहे. फोटोत पाहिली तेव्हा काहीच बोध होईना. इतर कुठल्या गाडीला नाही, मग हिलाच का? शेवटी जुन्या लष्करी माहितीपुस्तकात उलगडा झाला. जीप खोल पाण्यातून न्यायची असली की ही मूठ वर ओढायची, डायनामो इंजिनकडे सरकतो आणि बेल्ट सैल पडतो. पंखा जोरात फिरायचा थांबतो. नाहीतर तोच पंखा नदीचं पाणी उचलून प्लगांवर आणि डिस्ट्रिब्यूटरवर मारेल आणि गाडी मधोमध बंद पडेल. पान्याची गरज नाही, हाताने दोन क्षणांचं काम! मागून गोळीबार होत असताना पाना कोण शोधत बसणार?

हे कळल्यावर त्या पट्टीला मी चार दिवस दिले. ती नुसती चिकटवून भागेना. ती सरकायला हवी, डायनामो तिच्या जोरावर हलायला हवा, आणि सरकल्यावर तो ज्या जागी येतो ती जागा मोकळी ठेवायला हवी. भाग पेन्सिलीच्या टोकाएवढा, पण त्याने शेजारच्या तीन भागांची मापं ठरवून टाकली.

आपल्याकडच्या जीपचे फोटो बघून काम करणाऱ्यांना आणखी एक सूचना. मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे जी उंच बॉनेटवाली जीप आपण सगळ्यांनी तहसीलदार-फौजदारांकडे पाहिली ती सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच का? तर तिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले आणि इंजिनची उंची वाढली. महायुद्धातल्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. त्यामुळे त्याचं हेड म्हणजे पोळपाटासारखी सपाट लोखंडी लादी. व्हॉल्व्ह कुठे आहेत हे ज्याला माहीत आहे तो एकाचं हेड दुसऱ्याला बसवणार नाही.

आत पिस्टन केलेत का, असंही विचारतात. नाही केले. हेड उघडणारच नाही, तर त्यांचं काम माझ्या मॉडेलपुरतं संपलं. पण प्लग मात्र खाली खरोखर सिलिंडर असावेत अशाच जागी आहेत आणि तारा १-३-४-२ या ठिणगीच्या क्रमानेच निघाल्या आहेत.

भाच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. तो म्हणाला, "मावशी, कार्बोरेटर एका रात्रीत छापून देतो, डोळे कशाला फोडतेस?" माझा छपाईला विरोध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडणं हे आता माझं काम राहिलेलं नाही, आणि वर्षाला एक या हिशेबाने माझ्या हातून आणखी फार इंजिनं होतील असंही नाही. पण त्याने कुठूनसं उतरवून आणलेल्या आराखड्यात अ‍ॅक्सिलरेटरचा खटका अंगालाच चिकटलेला होता, सळई अडकवायला जागाच नव्हती. मी विचारलं, "बाळा, पायाने दाबल्यावर हे हलणार कसं?" दोन दिवसांनी त्याने स्वतः वाचून, आराखडा नव्याने काढून छापून आणला. तो कार्बोरेटर मी आनंदाने लावलाय. माझ्या हातच्यापेक्षा उजवा आहे.

बोल्टवरून मात्र आमचा वाद चालू आहे. जीप विलीजने केली तशी फोर्डनेही केली, दोघांनी मिळून सहा लाखांवर. सरकारची अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. फोर्डने मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ अक्षर उठवलं. भाचा म्हणतो, माझ्या विलीजवर एखादा एफवाला बोल्ट असावा, कारण रणांगणावर दुरुस्ती करताना हाताला लागेल तो बोल्ट आवळत असणार. तर्क बरोबर आहे. पण मग कुठला बोल्ट सुटला, कशामुळे, कुणी बसवला, हे आधी ठरवायला हवं. शिवाय सव्वादोन मिलिमीटरच्या डोक्यावर ते अक्षर कोरणार कोण, हाही प्रश्न आहेच.

आणि बेल्ट अजून लावलेला नाही. ताणून लावला तर जीप रस्त्यावर आहे, सैल ठेवला तर ती नदीत उतरणार आहे. ते ठरेपर्यंत टी-मूठ रोज एकदा वरखाली करून बघते.